चेऊलकरांच्या कॅम्परचं दार

निसीम चेऊलकरांच्या कॅम्परच्या, म्हणजे राहण्याजोग्या मोटारीच्या, सामानाच्या कप्प्याचं दार पहिल्यांदा लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर उघडलं, तेव्हा त्यातून फक्त एक प्लास्टिकची बादली बाहेर पडली. बादली उड्या मारत गेली, मागच्या बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि शुलामीथबाई म्हणाल्या, "अहो, आपली बादली गेली वाटतं." दुसरा कुणी असता तर त्यानं नवी बादली आणली असती आणि विषय तिथंच संपला असता.

पण चेऊलकर काळजी करणारे होते. काही लोक संध्याकाळी पत्ते खेळतात, काही अंगणात गुलाब लावतात. चेऊलकर काळजी करत. लायब्ररीत कॅटलॉगिंग करण्यात हयात गेल्यामुळे त्यांच्या काळज्यासुद्धा विषयवार लावलेल्या असत आणि हवी ती काळजी त्यांना ताबडतोब सापडे. त्या दिवशी इलफर्डला घरी पोचेपर्यंत त्यांनी त्या बादलीच्या जागी एकेक वस्तू ठेवून पाहिली. शेवटी जी वस्तू ठेवली, तिच्यापुढं आणखी काही ठेवून बघायची त्यांची छाती झाली नाही. ती होती साराची साखरपुड्याची अंगठी.

सारा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकत होती. तिचं लग्न ठरलं होतं ग्लासगोच्या योना पेणकरशी. मुलगा आपल्या बेने इस्रायलांतला, मराठी बोलणारा, इंजिनियर. लंडनमधल्या मूठभर घरांत शोधून सापडला नसता असा. साखरपुडा लीड्सला करायचा ठरलं, कारण ते दोघांनाही मध्यावर पडत होतं. तिथले डॉक्टर गिरीश आणि सुप्रभा यांनी आपलं घर देऊ केलं होतं. ही दोघं पुण्याची. सुप्रभा साराच्याच हॉस्पिटलात होती आणि साराला धाकट्या बहिणीसारखं वागवायची. आता हिरवी साडी, बांगड्या, साखरेचा पुडा, प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्याचे पोहे, नारळ, फळं, चांदीचं तबक आणि पेणकरांनी लंडनलाच करायला सांगितलेली अंगठी असं सगळं लंडनहून कॅम्परमधून जायचं होतं. आतली जागा सिनेगॉगमधून उसन्या आणलेल्या घडीच्या खुर्च्यांनी भरणार होती. म्हणजे उरला तो कप्पा. मागच्या बाकड्याखालचा, फुटपाथच्या बाजूला बाहेरून उघडणारा, पत्र्याच्या दाराचा. आणि त्याचं दार म्हणजे असं, की समोरून ट्रक गेला तरी उघडायचं.

त्यात मुलाचे वडील, आयझॅक पेणकर, हे ग्लासगोच्या शाळेत गणिताचे मास्तर. चेऊलकर त्यांना एकदाच भेटले होते. पेणकरांनी बो टाय लावला होता आणि चेऊलकरांच्या प्रत्येक वाक्यानंतर ते, बेरीज तपासावी तसे, क्षणभर थांबत होते. त्या भेटीत चेऊलकर बोलण्याच्या भरात म्हणून गेले होते, "आमची मोटर-कॅरव्हॅन आहे ना, तीच घेऊन येऊ. अगदी घरासारखी आहे." पेणकर क्षणभर थांबले होते आणि म्हणाले होते, "अस्सं."

हे 'अस्सं' चेऊलकरांना मधूनमधून ऐकू येई.

गॅरेजवाल्यानं दार बघितलं, एका बोटानं हलवलं आणि सांगितलं, की हे काम गाडीचं नाही, कॅरव्हॅनचं आहे; आम्ही इंजिनापासून चाकापर्यंत बघतो, फर्निचर नाही. चेऊलकर कॅरव्हॅनच्या दुकानात गेले. तिथला तरुण गृहस्थ फार सभ्य होता. तो म्हणाला, की पडदे, गादी, स्टोव्ह, सिंक यांतलं काहीही सांगा. पण हे दार बाहेरच्या पत्र्यात आहे आणि बाहेरचा पत्रा ही गाडी झाली. तुम्ही गॅरेजात विचारा. चेऊलकर पुन्हा गॅरेजात गेले नाहीत. एकाच दाराबद्दल एकाच माणसाकडे दोनदा जायचं म्हणजे आपली काही पत राहत नाही, असं त्यांचं मत होतं. ते घरी आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक स्क्रू-ड्रायव्हर विकत आणला.

शेजारच्या मिस्टर होल्टबींना याचा सुगावा लगेच लागला. होल्टबी रिटायर्ड होते. रिटायर्ड इंग्रज माणसाला कुंपणापलीकडे कुणी हत्यार हातात धरलेलं नुसत्या वासानं कळतं.

"दोरी," होल्टबी कुंपणावरून म्हणाले. "मिस्टर चोकर, दोरीसारखं दुसरं काही नाही."

आठ वर्षांच्या शेजारात होल्टबींना चेऊलकर हे नाव जमलं नव्हतं. चेऊलकरांनीही चोकर असण्याची सवय करून घेतली होती. त्यांनी दोरी बांधली. दोरीनं दार बंद राहिलं खरं, पण दोन बोटं फट ठेवून, आणि त्या फटीतून कप्पा सारखा खडखडायचा. होल्टबींनी मग चामड्याचा पट्टा सुचवला, मग पुठ्ठ्याची पाचर, मग सायकलची जुनी ट्यूब. प्रत्येक वेळी ते "यानं आयुष्यभर हलणार नाही" म्हणत आणि प्रत्येक वेळी दार कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी उघडे. का कोण जाणे, नेमकं त्या पेटीपाशी. चेऊलकर त्या पेटीच्या वाटेनं लायब्ररीत जायचंही टाळू लागले.

मग त्यांनी ठरवलं, की रोग मुळात बघितला पाहिजे. एका संध्याकाळी लायब्ररीतून आल्यावर, उन्हाळ्याचा लांबलेला उजेड होता तेव्हा, ते कप्प्यात डोकं घालून फुटपाथवर आडवे झाले. बाहेर फक्त पाय राहिले. दाराची बिजागरी कुठं ढिली आहे हे ते बघत होते, तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला.

"एक्स्क्यूज मी सर. आपण इथं राहता का?"

"हो," चेऊलकर आतून म्हणाले.

"केव्हापासून?"

"आठ वर्षं होतील."

बाहेर कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. "पाण्याची सोय?"

"आहे की. आतच आहे."

"आणि... टॉयलेट?"

"तेही आत," चेऊलकर म्हणाले. असले प्रश्न कोण विचारतंय, याचा त्यांना आता राग येऊ लागला होता. "वरती एक आणि खाली एक."

"भाड्यानं घेतलंय?"

"छे, माझं स्वतःचं आहे. मुलगी इथंच लहानाची मोठी झाली."

चेऊलकर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि समोर कौन्सिलचा इन्स्पेक्टर उभा होता. एक कुटुंब गाडीत राहतं आणि तिथंच रस्त्यावर गाड्या दुरुस्त करण्याचा धंदा करतं, अशी कुणीतरी कौन्सिलला तक्रार केली होती. शुलामीथबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी मागचं घर दाखवलं, तेव्हा राहण्याचा प्रश्न मिटला. धंद्याचा मिटला नाही. इन्स्पेक्टर जाताना अत्यंत नम्रपणे म्हणाला, की पब्लिक रोडवर वाहनाची दुरुस्ती करायची नसते. मी पुन्हा येऊन जाईन. सगळी गल्ली पडद्याआडून बघत होती. बरोच्या, म्हणजे कौन्सिलच्याच, लायब्ररीतला माणूस, ज्याला बरोच्या महापौरांनी एकदा 'गुड मॉर्निंग' म्हटलं होतं, तो बरोच्याच इन्स्पेक्टरसमोर ग्रीस पुसत उभा होता. चेऊलकर त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण लोणचं घेतलं नाही.

आता दुरुस्ती करायची तर लपूनछपून आणि झटपट. चेऊलकरांनी लीड्सला फोन लावला.

"काका, एकदम सिंपल आहे," डॉक्टर गिरीश म्हणाला. "दाराच्या कडेनं रबराची पट्टी लावा. म्हणजे रॅटल बंद. आणि पट्टी चिकटवायला तो दोन ट्यूबांतला गोंद येतो ना, तो मिसळून लावा. त्यानं विमानाचे पार्ट चिकटवतात म्हणे."

"तुम्ही कधी लावलाय?"

"मी अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे काका. मला चिकटवायला कोण देतंय?"

गोंद आणला. पहिला प्रयोग म्हणून चेऊलकरांनी कप्प्यावरची, आतल्या बाकड्याची फळी चिकटवली. तीही खडखडायची. ती अशी काही बसली, की शुलामीथबाईंनी वरून उडी मारून पाहिली तरी हलली नाही. चेऊलकरांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं. दार मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं, कारण इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर रविवारी पहाटे नक्की येणार नाही, हा त्यांचा हिशोब होता, आणि निघायचंही रविवारीच होतं.

रविवारी उजाडताच शुलामीथबाईंनी कप्पा भरला. खाली तबक, त्यावर साडी, कडेनं नारळ, फळांची टोपली, पोह्यांचा डबा, बांगड्यांची पेटी, आणि अगदी आत कोपऱ्यात रुमालात बांधलेली अंगठीची डबी. मग चेऊलकरांनी चहाच्या कपात गोंद कालवला. पट्टीला लावून बराच उरला. टाकवेना. चांगली वस्तू वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी उरलेला गोंद दाराच्या कडेलाही सढळ हातानं लावला, दार बंद केलं आणि पाठ टेकून उभे राहिले.

"कोणाची वाट बघताय, मिस्टर चोकर?" होल्टबींनी गाऊनमधूनच विचारलं.

"कोणाची नाही," चेऊलकर म्हणाले. "हवा छान आहे."

होल्टबींनी आभाळाकडं पाहिलं. पाऊस भुरभुरत होता.

मोटरवेला लागल्यावर चेऊलकर कान देऊन ऐकत होते. आवाज नाही. त्यांनी लेन बदलली. आवाज नाही. एक लांबलचक ट्रक गाडी हलवून गेला, तरी कप्पा चिडीचूप. चेऊलकरांनी शीळ घालायला सुरुवात केली. त्यांची शीळ शुलामीथबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकली होती, त्यानंतर आज. "बघ," ते म्हणाले, "बँकेची तिजोरी झालीय. आता पेणकर येऊ देत, नाहीतर पेणकरांचा हेडमास्तर येऊ दे."

लेस्टरच्या पुढं ते एका सर्व्हिस स्टेशनला थांबले. शुलामीथबाईंनी सँडविचचा डबा चुकून कप्प्यात ठेवला होता. त्या उतरल्या, दाराशी गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला.

"अहो. हे उघडत नाही."

"उघडत नाहीच मुळी!" चेऊलकर अभिमानानं म्हणाले. "तेच तर सांगतोय."

"तसं नाही. मी उघडतेय, तरी उघडत नाही."

चेऊलकर उतरले. त्यांनी मूठ फिरवली. मूठ फिरली. दार फिरलं नाही. त्यांनी एक पाय चाकाला लावून ओढलं. सबंध कॅम्पर त्यांच्याकडे झुकला, पण दार जिथल्या तिथं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालायला गेले तर फटच नव्हती. विमानाचे पार्ट ज्यानं चिकटवतात त्या गोंदानं दार आणि गाडी यांचं एकच एक पत्र्याचं शरीर करून टाकलं होतं. वरून बाकड्याची फळी काढावी, तर तीही त्यांनी स्वतःच चिकटवली होती. तिच्यावर उडी मारूनही झाली होती.

शुलामीथबाई काही बोलल्या नाहीत. त्या वॉर्डात सिस्टर होत्या. डॉक्टरनं घोळ घातला की पेशंटसमोर बोलायचं नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात भिनली होती. त्या नुसत्या कॅम्परला टेकून उभ्या राहिल्या आणि जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिल्या. चेऊलकरांना त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"लीड्सला जाऊन बघू," चेऊलकर म्हणाले.

"हं," शुलामीथबाई म्हणाल्या.

लीड्सपर्यंत चेऊलकरांनी शीळ घातली नाही. आधी दार उघडेल म्हणून जीव टांगणीला होता, आता उघडणार नाही म्हणून. आणि दार तर तेच. त्यांना दिसत होतं : पेणकर मंडळी कोचावर बसली आहेत, रब्बींच्या जागी प्रार्थना म्हणायला पेणकर स्वतः उभे आहेत, मलिद्याच्या तबकाच्या जागी रिकामं टेबल आहे, आणि सारा तिच्या नर्सच्या कपड्यांत उभी आहे. आणि पेणकर म्हणताहेत, "अस्सं."

गिरीशचं घर हेडिंग्लीच्या एका चढाच्या रस्त्यावर होतं. दारापुढंच बसचा थांबा होता. जागा तेवढीच असल्यामुळे चेऊलकरांनी कॅम्पर तिथं लावला, आणि उतरून कप्प्याला पाठ लावून उभे राहिले. आज त्यांना तशी सवय झाली होती. घरातून सगळे बाहेर आले. सारा धावत आली, मागून योना, उंच, शिडशिडीत आणि हात कुठं ठेवावेत हे न सुचलेला. आणि पायऱ्यांवर बो टाय लावून आयझॅक पेणकर, शेजारी हॅनाबाई.

"या या," पेणकर म्हणाले. "सामान उतरवू या?"

"घाई काय आहे!" चेऊलकर म्हणाले. "आधी चहा घेऊ. लीड्सची हवा... छान आहे."

"डॅडी, माझी साडी?" साराचं मराठी हॉस्पिटलात राहून आणखीच मोकळं झालं होतं. "सुप्रभाताई मला नेसवणार. आय हॅव टू गेट रेडी."

"देतो बाळ."

"तुम्ही असे काय उभे आहात? तुमचा पाठ दुखते?"

"पाठ नाही दुखत त्यांची," शुलामीथबाई म्हणाल्या. सकाळपासून धरून ठेवलेलं त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. "तुझी साडी, तुझी अंगठी, मलिदा, सगळं त्या कप्प्यात आहे, आणि तुझ्या डॅडींनी कप्पा चिकटवून टाकलाय."

पेणकर क्षणभर थांबले. चेऊलकरांनी डोळे मिटले आणि त्या शब्दाची वाट पाहिली.

"बघू," पेणकर म्हणाले, कोट काढून त्यांनी हॅनाबाईंच्या हातात दिला आणि बाह्या दुमडल्या. "हा साधा तरफेचा प्रश्न आहे. टेकू, भार, बल. चेऊलकर, तुमच्याकडे लोखंडी कांब आहे?"

टायर बदलायची कांब होती. पेणकरांनी फुटपाथवर खडूसारखं बोट फिरवून टेकू कुठं येणार ते समजावलं. बल कमी लागेल, असंही सांगितलं. मग कांबेचं टोक मुठीमागं अडकवून त्यांनी बल लावलं. दाराची मूठ तुटून त्यांच्या हातात आली आणि ते स्वतः मागच्या मागं गिरीशच्या हायड्रेंजियाच्या झुडपात बसले.

"आयझॅक!" हॅनाबाई ओरडल्या.

पेणकर झुडपातून उठले. बो टाय कानाखाली आला होता. हातातली मूठ त्यांनी बघितली आणि मग चेऊलकरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की चेऊलकर मघापासूनची आपली काळजी विसरले आणि त्यांना व्याह्यांची काळजी वाटू लागली.

"माझी चूक," पेणकर हळूच म्हणाले. "टेकू घसरला."

"नाही नाही, चूक गोंदाची," चेऊलकर म्हणाले.

"गोंद मी सांगितला होता," गिरीश म्हणाला.

"तू उघडून दे मग," सुप्रभा म्हणाली.

"मी फक्त झोपवतो. उघडणं सर्जनचं काम."

मग व्याहीव्याही दोघं फुटपाथवर आडवे पडले आणि बुटांच्या टाचांनी दारावर लाथा मारू लागले. एकानं 'एक' म्हणायचं, दुसऱ्यानं 'दोन', आणि दोघांनी मिळून लाथ. चर्चमधून परतणाऱ्या दोन बायका रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. साराला रडू फुटायला आलं होतं आणि योना तिला आपला रुमाल देऊ की नको या विचारात रुमाल हातात घेऊन उभा होता.

तेवढ्यात एक पोलीस कॉन्स्टेबल सायकल हातात धरून चढ चढत आला.

"जंटलमन," तो म्हणाला, "ही गाडी कुणाची?"

"माझी," चेऊलकर झोपूनच म्हणाले.

"बसच्या थांब्यावर आहे. बस येतेय. आधी हलवा, मग लाथा मारा."

चेऊलकर आणि पेणकर उठून बाजूला होईपर्यंत योनाच ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. कधी काही न बोलणारा हा मुलगा आज काहीतरी करायला मिळालं म्हणून इतका हुरळला, की त्यानं रिव्हर्स गियर टाकला आणि मागं न बघताच गाडी मागं घेतली. चाक फुटपाथवर चढलं. सबंध कॅम्पर एका बाजूला कलला आणि मग धाडकन खाली उतरला.

दार पडलं. नुसतं उघडलं नाही. बिजागऱ्या, रबराची पट्टी आणि चारी कडांचा रंग सोबत घेऊन फुटपाथवर आडवं झालं. त्यामागून नारळ निघाले.

नारळ गोल असतो, हे चेऊलकरांना लहानपणापासून माहीत होतं. पण तो किती गोल असतो ते त्यांना हेडिंग्लीच्या उतारावर कळलं. पहिला नारळ कॉन्स्टेबलच्या सायकलखालून गेला. दुसरा आणि तिसरा शर्यत लावल्यासारखे रस्त्याच्या मधोमध निघाले. त्यांच्यामागं सफरचंदं, संत्री, खजुराचं पाकीट, आणि पोह्यांचा डबा झाकण उघडून आपल्या वाटेवर पांढरी रांगोळी घालत. वरून येणारी बस थांबली आणि कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "ब्लडी हेल."

"अहो, अंगठी!" शुलामीथबाई किंचाळल्या.

मग सगळेच धावले. शुलामीथबाई साडी वर खोचून, गिरीश स्लिपर घालून, हॅनाबाई पेणकरांचा कोट सांभाळत, आणि पेणकर, साठीला आलेले, गणिताचे मास्तर, आयुष्यात कधी बसमागंही न धावलेले, "डावीकडे! डावीकडे! कोन बघा!" असं ओरडत. चेऊलकर सगळ्यांच्या पुढं होते. त्यांना नारळ नको होता, संत्री नको होती, त्यांना तो एक छोटा रुमाल हवा होता. त्यांनी गटाराच्या जाळीशी गुडघे टेकले आणि आत बघितलं. पाणी वाहत होतं. लेकीची अंगठी लीड्सच्या गटारातून समुद्राकडे निघाली असेल, तर ग्लासगोपर्यंत पोचायला तिला किती वेळ लागेल, असला काहीतरी विचार त्यांच्या डोक्यात आला. घाबरलेला माणूस काहीही विचार करतो.

"धिस योर्स, लव?" वर बघितलं तर एक म्हातारी बाई दोन्ही हातांत नारळ धरून उभी होती. तिच्या घराच्या पायरीवर तो येऊन थांबला होता. "मी केवढी घाबरले. मला वाटलं कुणाचंतरी डोकं."

तिच्या मागून कॉन्स्टेबल येत होता. त्यानं आपलं हेल्मेट उलटं करून टोपलीसारखं धरलं होतं. आत बांगड्यांची पेटी, थोडी लिंबं, आणि लिंबांवर एक रुमालाची गाठ.

"हे बसच्या चाकापाशी होतं," तो म्हणाला. "मौल्यवान आहे का?"

चेऊलकरांनी गाठ सोडली, डबी उघडली, अंगठी बघितली, डबी बंद केली आणि पुन्हा उघडून बघितली. मग त्यांनी कॉन्स्टेबलचा हात धरला आणि सोडेनात.

"माझ्या मुलीची आहे," शेवटी ते म्हणाले. "आज तिचा साखरपुडा आहे."

"अच्छा, एंगेजमेंट," कॉन्स्टेबल म्हणाला. "मग गाडी थांब्यावर राहू द्या थोडा वेळ."

साडीला कप्प्याचा वास लागला होता, पण ती कुठं फाटली नव्हती. सुप्रभानं स्वयंपाकघरातले पोहे काढले, सगळ्यांनी मिळून नारळ खोवले. एका नारळाला तडा आधीच गेला होता, त्यामुळे तो फोडायचे कष्टही पडले नाहीत. पेणकरांनी बो टाय सरळ करून प्रार्थना म्हटली. त्यांच्या बाहीला हायड्रेंजियाची एक निळी पाकळी चिकटली होती आणि ती काढायचं धाडस कुणालाच होत नव्हतं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेताना त्यांचा आवाज कापला. चेऊलकरांना वाटलं, मास्तरांनाही आज बरंच धावावं लागलं आहे. योनानं साराच्या बोटात अंगठी घातली ती भलत्याच हाताच्या बोटात; मग काढून पुन्हा घातली. कॉन्स्टेबल दारात उभं राहून वाटीतला मलिदा चमच्यानं खात होता आणि त्या म्हाताऱ्या बाईला सांगत होता, की हे पॉरिजसारखं आहे, पण बरं लागतं.

पाहुण्यांची पांगापांग होऊ लागली तेव्हा पेणकरांची ग्लासगोची गाडी गाठायची वेळ झाली. योनाला साराजवळ आणखी एक दिवस राहायचं होतं, म्हणून तो थांबला. चेऊलकर व्याहीविहिणींना कॅम्परमधून स्टेशनावर सोडायला निघाले. शुलामीथबाई सुप्रभाला आवरायला मदत करत मागं राहिल्या. पेणकर पुढच्या सीटवर बसले, मांडीवर ते तुटकं दार घेऊन.

"अहो, ते टाका मागं," चेऊलकर म्हणाले. "मी बघेन त्याचं काय ते."

"नाही. मूठ मी तोडली. आमच्या शाळेत मेटलवर्कची खोली आहे. मी स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेणार. तुम्ही लग्नाला ग्लासगोला याल तेव्हा बसवू." ते क्षणभर थांबले. "आणि चेऊलकर, तुमच्या गाडीला मी मनातल्या मनात हसलो होतो. पण घरासारखी आहे खरी. एकदा आत गेलेलं लवकर बाहेर पडत नाही."

चेऊलकरांनी गियर बदलला.

स्टेशनच्या फाटकावर तिकीट कलेक्टरनं पेणकरांना अडवलं. "हे काय आहे, सर?"

"दार."

"कशाचं?"

पेणकर ताठ उभे राहिले. "माझ्या व्याह्यांच्या घरचं," ते मराठीतच म्हणाले, आणि दार काखेत मारून, मान वर करून प्लॅटफॉर्मवर निघून गेले. मागून हॅनाबाई. कलेक्टरला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं सोडलं. चेऊलकर गाडी सुटेपर्यंत उभे राहिले. खिडकीतून पेणकरांनी हात हलवला. दाराचा एक कोपरा काचेला टेकलेला दिसत होता.

परत आले तेव्हा संध्याकाळचं ऊन त्या चढावर पडलं होतं. शुलामीथबाई बाहेर उभ्या होत्या, परत न्यायच्या खुर्च्यांपाशी. त्यांनी कॅम्परच्या कुशीतलं ते उघडं भोक बघितलं, फुटपाथवर बघितलं, बाकड्याखाली वाकून बघितलं.

"अहो, दार कुठं गेलं?"

घरातून साराच्या हसण्याचा आवाज येत होता. योना तिला काहीतरी सांगत होता, आणि तो इतकं बोलतो हे चेऊलकरांना आजच कळलं होतं.

"गेलं," चेऊलकर म्हणाले. "दिल्या घरी गेलं."

शुलामीथबाई हसल्या. खूप हसल्या, खुर्चीची पाठ धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. चेऊलकर त्यांच्या शेजारी उभे राहिले. लंडनपर्यंत उघड्या कप्प्यातून पाऊस आत येईल, वाटेत पोलीस अडवतील, इन्स्पेक्टर पुन्हा येईल, अशा सगळ्या काळज्या समोर हजर होत्या. पण त्या संध्याकाळी त्यांना एकीलाही हात लावावासा वाटला नाही.